स्तनातली गाठ शोधणारी मायक्रोवेव्ह अँटेना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन आली की त्यात एक तरी जोडी हा विषय आणतेच. "मॅडम, मायक्रोवेव्हने ब्रेस्ट ट्यूमर डिटेक्शन." लॅपटॉपवर एस११ चा, म्हणजे अँटेनाला दिलेल्या शक्तीतली किती परत येते त्याचा, आलेख असतो, उणे ३५ डीबीपर्यंत विहिरीसारखा खोल गेलेला. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद. मी एकच विचारते, "अँटेना कुठे ठेवलीय?" उत्तर ठरलेलं: "हवेत."

रुग्ण हवेत नसतो. या कामात अँटेनाच्या समोर, चिकटून किंवा बोटभर अंतरावर, त्वचा, चरबी आणि पाण्याने भरलेल्या ग्रंथी असतात. मोबाइलच्या किंवा वायफायच्या अँटेनासाठी शरीर ही अडचण असते, इथे तेच लक्ष्य आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम नेहमीच्या अँटेना प्रोजेक्टपेक्षा वेगळा आहे. तांबं कोरण्याची वेळ यायला बराच अवकाश आहे.

पायरी १: आधी ऊतींचे आकडे वहीत उतरवा

मायक्रोवेव्हला गाठ दिसते ती पाण्यामुळे. पाणी जास्त तर परमिटिव्हिटी (पदार्थ लहरीला किती संथ आणि आखूड करतो ते सांगणारा आकडा) जास्त, वाहकताही जास्त. २.४५ गिगाहर्ट्झला चरबीची परमिटिव्हिटी साधारण ५, त्वचेची ३८, स्नायूंची ५३ आणि साध्या पाण्याची ७८ च्या आसपास. हे आकडे गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मोजमापांतून मांडलेल्या मॉडेलमधून येतात. आजही बहुतेक सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये 'बायोलॉजिकल मटेरियल' म्हणून तेच मॉडेल भरलेलं असतं.

आता कागदावर गणित करा. चरबीची ५ आणि गाठीची ५२ धरली, तर दोघींच्या सीमेवरून परत येणाऱ्या लहरीचा आयाम मूळ लहरीच्या सुमारे ५३ टक्के. झकास. याच हिशोबावर १९९० च्या दशकाच्या शेवटी हे क्षेत्र उभं राहिलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सुझन हॅगनेस यांचं १९९८ चं रडारसारख्या पद्धतीवरचं काम त्याचा मोठा टप्पा.

मग २००७ साली विस्कॉन्सिन आणि कॅलगरी इथल्या गटांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची मोजमापं प्रसिद्ध केली आणि उत्साहावर पाणी पडलं. चरबी आणि कर्करोगाची गाठ यांच्यात दहापटीपर्यंत फरक होता, पण ग्रंथींची ऊती आणि गाठ यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आसपासच निघाला. वरचंच गणित ४७ आणि ५२ घेऊन करा. परतणारा आयाम अडीच टक्के! आणि गाठी बहुतेकदा या ग्रंथींच्या भागातच होतात. अहवालाच्या पहिल्या पानावर 'एकास दहा कॉन्ट्रास्ट' लिहिण्याआधी हा अडीचचा आकडा आठवा. परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न तिथेच येतो.

पायरी २: अँटेना अंगाला लावणार, द्रवात बुडवणार की अंतरावर ठेवणार?

हे ठरवल्याशिवाय एकही मिलिमीटर ठरत नाही.

हवेतून थेट त्वचेवर लहर सोडली, तर १ आणि ३८ या तफावतीमुळे निम्म्याहून जास्त शक्ती, साधारण ५२ टक्के, त्वचेवरूनच परत येते. आत जायला उरते अर्धी. आणि परत आलेला तो अर्धा भाग गाठीच्या क्षीण प्रतिध्वनीवर असा काही स्वार होतो, की लग्नाच्या बँडशेजारी कुणी कानात कुजबुजावं तशी गत होते. मध्ये ९-१० परमिटिव्हिटीचा द्रव भरला, तर त्वचेवरचं परावर्तन १० टक्क्यांवर येतं.

अमेरिकेतल्या डार्टमाउथच्या पॉल मिनी आणि कीथ पॉल्सन यांच्या गटाने २००० साली प्रत्यक्ष स्त्रियांवर वापरलेली यंत्रणा याच वाटेची: द्रवाने भरलेली टाकी, त्यात वर्तुळात उभ्या १६ मोनोपोल अँटेना. अँटेना कसल्या म्हणाल, तर कोएक्स केबलचं टोक सोलून आतली तार बाहेर काढलेली. पुढे त्यांनी ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण वापरलं. ते मिश्रण शक्ती खातं, म्हणजे नवख्याच्या नजरेत वाईटच. पण त्या खाण्यामुळेच साध्या मोनोपोलचा पट्टा रुंदावतो आणि शेजारच्या अँटेनांवरून, टाकीच्या भिंतींवरून येणारे फसवे प्रतिध्वनी मरतात. मला हे डिझाइन फार आवडतं. अँटेना साधी ठेवून माध्यमाकडून काम करून घेतलंय.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने दुसरी वाट धरली. अर्धगोल कवचात अँटेना बसवायच्या आणि स्तन त्या कवचात टेकवायचा. त्यांची संख्या १६, मग ३१, मग ६० अशी वाढत गेली.

तुम्ही सुरुवात करताय, तर संपर्काचीच रचना घ्या. अँटेना आणि फँटम (ऊतींच्या गुणधर्मांचा नकली स्तन) यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पातळ थर, बस्स. टाकी गळते.

पायरी ३: फ्रिक्वेन्सीचा पट्टा

सगळे डोळे झाकून ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ लिहितात. हा अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २००२ साली अल्ट्रावाइडबँड (खूप रुंद पट्टा वापरणाऱ्या) उपकरणांना मोकळा केलेला पट्टा. त्याचा शरीराशी काही संबंध नाही. शरीराचं ऐकायचं तर हे पाहा: स्नायूंमध्ये दर सेंटीमीटरला होणारी घट २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे ४ डीबी, ६ ला १२ आणि १० ला २६ डीबी. लहर जाऊन परत यायची आहे, म्हणजे सगळं दुप्पट. १० गिगाहर्ट्झची लहर ग्रंथींमध्ये तीन सेंटीमीटर जाऊन परत आली असं कुणी दाखवलं, तर आधी केबल तपासा.

पण पट्टा अरुंद केला की बारकावे जातात. खोलीच्या दिशेने दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारं अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले (दोन गुणिले बँडविड्थ गुणिले परमिटिव्हिटीचं वर्गमूळ). ९ परमिटिव्हिटीच्या माध्यमात ७.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला हे अंतर ६.७ मिमी येतं, ४ गिगाहर्ट्झला १२.५ मिमी. मी विद्यार्थ्यांना २ ते ६ गिगाहर्ट्झ सांगते. सव्वा सेंटीमीटर पहिल्या प्रयत्नाला पुरे. दुसरं कारण खिशाचं आहे. अँटेनाची एस११ सारखी मापं घेणारं यंत्र म्हणजे व्हीएनए; त्यातलं लाइटव्हीएनए हे हातात मावणारं यंत्र ६.३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजतं. जुना नॅनोव्हीएनए स्वस्त, पण त्याची धाव ९०० मेगाहर्ट्झ, ओढूनताणून दीड गिगाहर्ट्झ. तो घेऊन या प्रोजेक्टला बसू नका.

पायरी ४: आकार आणि मापं

गोल चकतीचा छापील मोनोपोल घ्या. खालच्या टोकाच्या फ्रिक्वेन्सीचं सूत्र सोपं आहे आणि आपल्या जवळचं आहे. मुंबईत पवईला असलेल्या 'समीर' या मायक्रोवेव्ह संशोधन संस्थेतून के. पी. रे यांनी छापील मोनोपोलसाठी ते मांडलं:

फ्रिक्वेन्सी (गिगाहर्ट्झ) = ७.२ भागिले [(एल + आर + पी) × के]

सगळी मापं सेंटीमीटरमध्ये. चकतीची त्रिज्या 'अ' असेल तर एल = २अ, आर = अ/४. पी म्हणजे चकतीचा तळ आणि ग्राउंडची (बोर्डाच्या मागच्या तांब्याची) वरची कड यांतली फट. के हा बोर्डाचा परिणाम, १.६ मिमी जाडीच्या एफआर४ या नेहमीच्या सर्किट-बोर्डाला साधारण १.१५.

त्रिज्या १० मिमी, फट अर्धा मिमी: २ + ०.२५ + ०.०५ = २.३. गुणिले १.१५ म्हणजे २.६४५. उत्तर २.७ गिगाहर्ट्झ. आता तुम्ही म्हणाल, पट्टा तर २ पासून हवाय, मग त्रिज्या १४ मिमी घ्यायला हवी. हवेत वापरायची असती तर होय. पण एका बाजूने ओली ऊती लागली की लहर अँटेनाच्या आसपासच आखूड होते आणि खालचं टोक बऱ्यापैकी खाली घसरतं. म्हणून १० मिमीच ठेवा आणि किती घसरलं ते पुढच्या पायरीत पाहा. हवेतल्या सूत्राने आकार ठरवून तीच अँटेना अंगाला लावणारे नेमके इथे चुकतात, अँटेना विनाकारण मोठी करून बसतात.

फीड लाइन (कनेक्टरपासून चकतीपर्यंतची तांब्याची पट्टी) ५० ओमची. १.६ मिमी एफआर४ वर रुंदी ३ मिमीच्या आसपास. बोर्ड साधारण ४२ बाय ५० मिमी, मागे ग्राउंड फक्त खालच्या २० मिमीपर्यंत, फटीच्या हिशोबाने.

विवाल्डीचा मोह होईल. १९७९ साली पी. जे. गिब्सन यांनी मांडलेली ही कर्ण्यासारखी उघडत जाणारी अँटेना एका दिशेला छान फेकते, त्यामुळे इमेजिंगला खरोखर जास्त योग्य आहे. कॅलगरीच्या गटाने तर तिच्या तोंडाशी जास्त परमिटिव्हिटीचा तुकडा बसवून झोत आणखी एकवटला. पण त्यांची ती अँटेना तांब्याच्या तीन थरांची आहे. ते तुमच्या दुसऱ्या अँटेनाचं काम.

पायरी ५: सिम्युलेशन, दोनदा

पैसे नसतील तर ओपनईएमएस हे मोफत एफडीटीडी (वेळेच्या बारीक टप्प्यांत लहरींचं गणित करणारं) सॉफ्टवेअर आहे. कॉलेजात सीएसटी किंवा एचएफएसएस असेल तर उत्तमच. पहिली फेरी हवेत. ती फक्त मॉडेल बरोबर बांधलंय ना, हे बघायला. सूत्राच्या उत्तराजवळ आलं की पुढे सरका, तिथे रमू नका.

दुसरी फेरी खरी. अँटेनासमोर २ मिमी त्वचा, मग १५ मिमी चरबी, मग ग्रंथींचा थर. परमिटिव्हिटी एकच आकडा म्हणून भरू नका, ती फ्रिक्वेन्सीबरोबर बदलते. हा बदल सूत्रात धरणारं डिबाय किंवा कोल-कोल मॉडेल निवडा. आणि मेश (गणितासाठी पाडलेली चौकटींची जाळी) ऊतींतल्या तरंगलांबीनुसार बारीक करा. ६ गिगाहर्ट्झची लहर हवेत ५ सेंमी, पण त्वचेत साधारण ८ मिमीची असते. हवेच्या हिशोबाची जाळी तिथे ठार आंधळी ठरते. शंका आली तर मेश दीडपट बारीक करून पुन्हा चालवा. आलेख हलला, तर आधीचा खोटा होता.

आता एस११ बद्दल दोन शब्द, कारण सगळी गडबड त्याच्यावरच्या श्रद्धेने होते. उणे १० डीबी म्हणजे ९० टक्के शक्ती अँटेनाने परत पाठवली नाही, एवढंच. ती गेली कुठे हे एस११ सांगत नाही. व्हीएनएला अँटेनाऐवजी ५० ओमचा डमी लोड लावा, एस११ कुठल्याही अँटेनापेक्षा देखणा येईल. शरीरही असाच लोड आहे. चिकटवलेली अँटेना पोटभर शक्ती त्वचेत जिरवते आणि आलेख गोड दिसतो.

म्हणून समोरासमोर दोन अँटेना ठेवून मध्ये ऊतींचा थर घ्या आणि एस२१, म्हणजे एकीतून दुसरीपर्यंत किती पोचलं ते, पाहा. एका फ्रिक्वेन्सीला किती पोचलं यापेक्षा पूर्ण पट्ट्यात वक्र कसा उतरतो ते बघा, खड्डे नकोत. सॉफ्टवेअरमध्ये ऊतींच्या आत प्रोब ठेवून पल्सचा आकार तपासा. पाठवलेली पल्स आणि पोचलेली पल्स यांचं साम्य म्हणजे फिडेलिटी फॅक्टर. पल्स पोचल्यावर थुईथुई नाचत राहिली, तर तिच्या शेपटीखाली गाठ गडप होते.

पायरी ६: बनवणं

फेरिक क्लोराइडमध्ये घरी कोरता येते, पण अर्धा मिमीची फट हाताने नीट येत नाही. बोर्ड बाहेरून करून घ्या. एकाच वेळी दहा मागवा, पुढे लागतात. कडेला बसणारा एसएमए कनेक्टर घ्या आणि ग्राउंडचे पाय मागच्या तांब्याला भरपूर सोल्डर करा. मधल्या पिनेवर मात्र सोल्डरचा ढीग नको, थेंबच हवा. तांब्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्या, नाहीतर ओल्या फँटमने पंधरा दिवसांत हिरवं पडेल. लॅकरने आलेख किंचित सरकतो, तेव्हा मोजमापं लॅकरनंतरची धरा.

पायरी ७: मोजताना केबलवर नजर ठेवा

व्हीएनए अर्धा तास आधी चालू करून ठेवा. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा, यंत्राच्या तोंडाशी नव्हे.

मग हा प्रयोग करा. आलेख पडद्यावर असताना अँटेनाची केबल दोन बोटांनी कनेक्टरजवळ धरा. वक्र हलला? छोट्या ग्राउंडच्या मोनोपोलमध्ये हलतोच. ग्राउंड अपुरं असल्यामुळे प्रवाह केबलच्या बाहेरच्या आवरणावरून वाहू लागतो आणि केबलच अँटेनाचा भाग बनते. कनेक्टरजवळ फेराइटचे मणी ओवले की बराच फरक पडतो. केबल टेबलाला चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि त्या दिवशी टेबलावर कुणाला टेकू देऊ नका.

हे मी ठेच लागून शिकले. एकदा प्रतिमेत एका जागी छान ठळक ठिपका आला. दोन दिवस मी तो सगळ्यांना दाखवत होते. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने फँटम उचलून बाजूला ठेवला आणि सहज पुन्हा स्कॅन घेतला. ठिपका तिथेच! अँटेना फिरवताना केबल त्याच कोनात वाकत होती, एवढंच काय ते. तेव्हापासून प्रत्येक मालिकेत रिकाम्या जागेचा एक स्कॅन घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पायरी ८: फँटम, म्हणजे स्वयंपाकघर

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो. तत्त्व सोपं: पाण्याची परमिटिव्हिटी ७८, खाद्यतेलाची ३ च्या आतबाहेर. दोन्ही जिलेटिनने बांधून ठेवायची. तेल जास्त तर चरबी, पाणी जास्त तर ग्रंथी किंवा गाठ. विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाककृतीत तेल म्हणून निम्मं रॉकेल आणि निम्मं करडईचं तेल आहे. हो, आपलीच करडई. रॉकेल मात्र घरच्या गॅसजवळ आणू नका. नुसत्या करडईने आकडे थोडे वेगळे येतील, शिकण्यापुरतं चालतं.

कृती अशी. जिलेटिन थंड पाण्यात पंधरा मिनिटं फुगू द्या, मग गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून विरघळवा, थेट आचेवर नको. तेल वेगळं तेवढंच कोमट करा. तेल हळूहळू ओतत ढवळत राहा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घाला, त्याशिवाय तेल-पाणी एक होत नाही. मिश्रण पांढरं, दाट, बासुंदीसारखं दिसायला लागलं की झालं. जोरात घुसळू नका. हवेचे बुडबुडे अडकले की प्रत्येक बुडबुडा ही उलटी गाठच. कोमट झाल्यावर वाडग्यात ओता, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. गाठ म्हणून तेल नसलेलं, पाणीदार जिलेटिनचा बोराएवढा गोळा आधी करून ठेवा आणि मिश्रण अर्धवट बसल्यावर आत दाबा.

मोजण्याआधी फँटम खोलीच्या तापमानाला येऊ द्या, परमिटिव्हिटी तापमानावर हलते. वरून प्लॅस्टिकची फिल्म घट्ट लावा. उघडा राहिला तर दोन दिवसांत वरचा थर सुकतो, चार दिवसांत बुरशी. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' लिहा. आमच्या फ्रीजमध्ये हे लिहायची पाळी का आली, ते सांगत नाही.

पायरी ९: गाठ दिसते का?

आधी लबाडी करा. एक फँटम गाठीसह, एक गाठीविना. दोन्ही स्कॅन वजा करा. उरेल ती गाठ. हे जमलं तर यंत्रणा जिवंत आहे, इतकंच सिद्ध झालं. खऱ्या रुग्णाचा गाठीविना स्कॅन तुमच्याकडे कधीच नसणार.

मग प्रामाणिक पद्धत. फँटम फिरत्या पाटावर ठेवा, १५-१५ अंशांनी फिरवून २४ मोजमापं घ्या. त्वचेचा प्रतिध्वनी सगळ्यांत जवळजवळ सारखाच येतो, गाठीचा बदलतो. सगळ्यांची सरासरी प्रत्येकातून वजा करा. उरलेल्यावर डिले-अँड-सम चालवा: प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूसाठी लहरीला लागणारा वेळ काढायचा, तेवढं सरकवून सगळे सिग्नल बेरजेत घ्यायचे. यासाठी मेरिट नावाचा मोफत मॅटलॅब टूलबॉक्स आहे. स्वतःचा डेटा तयार होईपर्यंत कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाने खुला केलेला फँटम-स्कॅनचा संग्रह वापरून हात बसवा.

फँटम आधी नुसत्या चरबीचा घ्या. मग आत ग्रंथींचा तुकडा घाला आणि गाठ त्याला लागून ठेवा. तेव्हा तो अडीच टक्क्यांचा आकडा पडद्यावर भेटेल. बहुतेक वेळा ठिपका ग्रंथीवर येतो, गाठीवर येत नाही. तो निकालही अहवालात जसाच्या तसा लिहा. मी गुण कापत नाही.

माणसावर लावायचं का?

नाही. "मॅडम, पॉवर तर एक मिलिवॉटच आहे" हे ऐकलंय मी. खरंय, व्हीएनएचं शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट आणि ४जी फोन २०० मिलिवॉटपर्यंत सोडतो. भारतात २०१२ पासून फोनला १ ग्रॅम ऊतीवर १.६ वॉट प्रतिकिलो ही मर्यादा आहे, तिच्या हे पुष्कळ खाली राहील. पण धोका उष्णतेचा नाहीच. हौसेखातर मैत्रिणीला बसवलं, पडद्यावर ठिपका आला, मग पुढे? किंवा आला नाही, म्हणून ती तपासणीला गेलीच नाही तर? माणूस आला की वैद्यकीय संस्थेची एथिक्स कमिटी, लेखी संमती आणि रेडिओलॉजिस्ट हे तिघं आधी हवेत.

सोमवारी लॅबमध्ये याल तेव्हा वहीत त्वचा, चरबी, ग्रंथी आणि गाठ यांचे २, ४ आणि ६ गिगाहर्ट्झचे आकडे लिहून आणा. लॅपटॉप नंतर उघडू.